हर्षलकडे जाण्याची वेळ हातची जाऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चंद्र आणि मंगळ यांवरील मोहिमांना आपल्या वृत्तपत्रात भरपूर जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. मात्र सूर्यमालेच्या कडेला असलेल्या हर्षल (युरेनस) आणि नेपच्यून या दोन महाकाय ग्रहांबद्दल मराठीत फारच थोडे छापून येते. हर्षलकडे यान पाठवण्याच्या अमेरिकेच्या मोहिमेचा निर्णय सध्या रेंगाळला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

या दोन्ही ग्रहांपर्यंत आजवर एकच यान पोहोचले. व्हॉयेजर-२ हे २४ जानेवारी १९८६ रोजी हर्षलच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून, तर २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले, आणि दोन्ही वेळा न थांबता पुढे निघून गेले. हर्षलचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या परिवलन अक्षाशी जवळजवळ ५९ अंशांचा कोन करते, हे आपल्याला त्याच धावत्या भेटीतून कळले. पण २०२४ मध्ये त्याच जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा असे दिसले की यान पोहोचण्याच्या थोडेच आधी सौर वाऱ्याच्या (सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोताच्या) जोराने हर्षलचे चुंबकीय आवरण नेहमीपेक्षा बरेच आकुंचन पावले होते. म्हणजे जवळजवळ चार दशके आपण ज्या चित्रावर विसंबून होतो, ते त्या ग्रहाच्या एका अपवादात्मक दिवसाचे होते. ग्रहाभोवती वर्षानुवर्षे फिरणारे यानच अशी उणीव भरून काढू शकते.

प्रश्नही लहानसहान नाहीत. नेपच्यून सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या अडीच पटींहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. आकाराने व घडणीने त्याच्यासारखाच असलेला हर्षल मात्र अगदी थोडीच जास्त टाकतो. असे का, याचे समाधानकारक उत्तर अद्याप नाही. इतर ताऱ्यांभोवती नेपच्यूनच्या आसपासच्या आकाराचे असंख्य ग्रह सापडत असताना आपल्याच अंगणातल्या या दोघांविषयी इतके अज्ञान असावे, हे मला खटकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पुढील दहा वर्षांच्या मोहिमांचा क्रम सुचवणाऱ्या २०२२ च्या दशकीय अहवालात हर्षलभोवती फिरणारे यान आणि त्याच्या वातावरणात सोडायची कुपी यांना मोठ्या मोहिमांत पहिला क्रम दिला. यान २०३१-३२ च्या सुमारास निघाले तर गुरूच्या गुरुत्वाकर्षणाची मदत घेऊन ते साधारण बारा-तेरा वर्षांत पोहोचेल; ती संधी हुकली तर वाट लांबते. ऋतूचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा आहे. हर्षल जवळजवळ आडवा पडून ८४ वर्षांत सूर्यप्रदक्षिणा करतो, त्यामुळे १९८६ मध्ये त्याच्या मोठ्या उपग्रहांचे उत्तर गोलार्ध बहुतांशी अंधारात होते आणि त्यांपैकी मिरांडा या उपग्रहावरच्या प्रचंड उंच कड्यांची छायाचित्रे मिळाली ती दक्षिणेकडची. आता तो उत्तर भाग उजेडात आहे. साधारण २०५० च्या विषुवानंतर (सूर्य हर्षलच्या विषुववृत्तासमोर आल्यानंतर) तेथे पुन्हा दीर्घ रात्र सुरू होईल. यानाला वीज पुरवण्यासाठी लागणाऱ्या प्लुटोनियमचा तुटवडा आणि निधीची ओढाताण यांमुळे प्रस्थान आधीच पुढे ढकलले जाण्याची चिन्हे आहेत, म्हणून ही घाई अनाठायी नाही.

यात भारताचा काय संबंध, असे कोणी विचारील. १० मार्च १९७७ च्या रात्री हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा प्रकाश मोजत होते. ग्रहाची कड ताऱ्यापाशी पोहोचण्याच्या आधीच प्रकाश काही सेकंद मंदावला. एखादा अज्ञात उपग्रह आड आला असावा, असे आधी वाटले. अमेरिकी संशोधकांच्या विमानातील दुर्बिणीने त्याच रात्री घेतलेल्या नोंदींशी मेळ घातल्यावर ती हर्षलची कडी असल्याचे स्पष्ट झाले. या शोधाशी जोडलेली कावलूरची नावे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवीत.

चांद्रयान-१ वर अमेरिकेचे उपकरण होते आणि त्याने चंद्रावरील पाण्याच्या खुणा टिपल्या. शनीकडे गेलेल्या कॅसिनीबरोबरची हायगेन्स कुपी युरोपने बांधली होती. याच धर्तीवर हर्षलच्या यानासाठी एखादे उपकरण देण्याचा प्रस्ताव ‘इस्रो’ने आताच मांडावा, कारण कोणती उपकरणे न्यायची हे प्रस्थानाच्या कित्येक वर्षे आधी ठरते. आपल्या वृत्तपत्रानेही हा विषय संबंधितांपुढे सातत्याने मांडावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा