उस्तादजींची मजुरी आधी लिही

बडोदे,
रविवार दुपार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या अनुदानासाठीचा तू पाठवलेला अर्ज काल रात्री दोनदा वाचला, आज सकाळी चहा घेताना पेन्सिल घेऊन तिसऱ्यांदा. फोनवर तू म्हणालीस, "आई, फक्त शुद्धलेखन बघ." शुद्धलेखन ठीक आहे. पण एकोणतीस वर्षे कॉलेजच्या हिशेब खात्यात बसून मी मुलांचे असेच अर्ज आणि नंतर त्यांची बिले पाहिली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, तू मध्येच "हो गं, कळलं" म्हणशील.

आधी एक गोष्ट. खर्चाच्या तक्त्यात प्रवास आहे, राहणे-जेवण आहे, साहित्य आहे, कॅमेऱ्याची लेन्स आहे. ज्यांच्याकडे सहा आठवडे बसून आराइश, म्हणजे चुन्याचा घोटीव चित्रमय गिलावा, शिकणार, त्या राजस्थानातल्या नवलगढच्या उस्तादजींच्या नावापुढे काहीच नाही. खाली टीप आहे की ते विनामोबदला शिकवायला तयार आहेत. ते "बेटी, पैसे कसले?" म्हणाले असतील, मोठ्या मनाचे असतील. पण तू शेजारी बसलीस की त्यांचा हात थांबणार, दहा वेळा तुझा थर उकलून पुन्हा लावायला लावणार, दिवसाचे काम निम्म्यावर येणार. ती निम्मी मजुरी त्यांच्या घरातून जाणार. तुला शिकवण्याचा सगळ्यांत मोठा खर्च तोच आहे, आणि अर्जात तोच नाही.

हे मला इतके का लागते ते सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक मुलगा माझ्या टेबलाशी आला होता. सुरेंद्रनगरकडच्या एका विणकराकडे वीस दिवस राहून हातमाग शिकून आला होता. विणकराला त्याने अठराशे रुपये दिले होते आणि पावती म्हणून वहीचा फाडलेला कागद आणला होता, त्यावर अंगठा. मी लाल शाईने शेरा मारला : सबळ बिल नाही, अमान्य. नियमाने बरोबर होते. तो काही बोलला नाही, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि गेला. ते अठराशे त्याच्या पुढच्या सत्राच्या फीमधले होते, हे मला नंतर शिपायाकडून कळले. विणकराकडे बिलबुक कुठून येणार? आधीच मानधनाची मंजुरी घेतली असती आणि साध्या पावतीवर नाव, पत्ता, कामाचे दिवस, सही किंवा अंगठा आणि साक्षीदाराची सही असती, तर तीच रक्कम मी स्वतः मंजूर केली असती. हे त्या मुलाला जाण्याआधी कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दौऱ्यावर निघालेल्या प्रत्येक मुलाला मी काउंटरवर थांबवून हे सांगत आले. आता तुला सांगते आहे.

तेव्हा उस्तादजींना फोन कर आणि त्यांची रोजची मजुरी सरळ विचार. समजा हजार रुपये म्हणाले, तर निम्मी पाचशे, कामाच्या ३० दिवसांचे १५,०००. तक्त्याच्या पहिल्या ओळीत हे लिही आणि "मानधन" हाच शब्द वापर. "मदत" नको, "भेट" नको. ५,००० रुपयांच्या वर रोख दिलेस तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. तो इथूनच घेऊन जा, तिथल्या पोस्टात असेलच असे नाही. बँक खात्यात देता आले तर उत्तमच.

तू म्हणालीस, "एवढी कटकट कशाला, तूच दे ना पैसे." देऊ शकते. पेन्शन येते, आणि तुझ्या शिकण्याला मी कधी नाही म्हटलेले नाही. पण मी दिले तर ती तुझी-माझी हौस झाली. विद्यापीठाने दिले तर त्यांच्या वहीत एका चेजाऱ्याचे, म्हणजे भिंती बांधून रंगवणाऱ्या गवंड्याचे, नाव शिकवणारा म्हणून चढेल, मानधनासह. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणा मुलीने असाच अर्ज केला की तिला दाखवायला आधीची नोंद असेल. कचेरीत "पूर्वी असे दिले आहे" या चार शब्दांना किती वजन असते ते मी रोज पाहिले आहे.

बडोद्याच्या माणसांना हे नवे वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हातून कलाभवन उभे केले, ते सुतारकाम, विणकाम, रंगाई, यंत्रकाम हाताने शिकवण्यासाठीच, आणि तेही देशी भाषेतून. दादासाहेब फाळके तिथलेच. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबियाला जायला बडोदे संस्थानाने तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तेव्हा रीतसर करारपत्र झाले होते : काय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. पुढे १९१७ साली ते नोकरीवर आले तेव्हा याच शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. ती लाज आपली आहे आणि ती विसरू नये. पण इतक्या मोठ्या माणसानेही शिक्षणासाठी अर्ज केला, अटी वाचल्या, सही केली. मागण्यात कमीपणा नाही, मुक्ता. तुझ्या आवाजात मला तो संकोच ऐकू आला, म्हणून हे लिहिले.

आता अर्जाची सुरुवात. "भारताचा समृद्ध वारसा हा आपला अमूल्य ठेवा आहे." हे वाक्य काढ. समितीपुढे साठ अर्ज असतील तर चाळिसांत हेच असेल. तुला हे काम का शिकायचे आहे ते मला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. आजीच्या वाडीतल्या घराची मागची भिंत आठवते ना? चुन्याच्या जुन्या भिंतीवर ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा चढवला, दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला, पापुद्रे सुटले आणि देवघराच्या कोनाड्यातला वेलबुट्टीचा रंग हातात आला. तू तेव्हा सातवीत होतीस. मुठीत तो चुरा धरून मला विचारलेस, "आत पाणी कसं गेलं?" पाणी भिंतीत नेहमीच होते. चुना ते बाहेर श्वासासारखे सोडत होता, सिमेंटने तोंड बंद केले. हे तू नंतर शिकलीस आणि मला समजावून सांगितलेस. तिथून सुरुवात कर. त्यानंतर तुला तांबेकर वाड्यात नेले होते, रावपुऱ्यात. वरच्या मजल्यावर भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि तू चित्रांपेक्षा त्यांच्या कडा जवळून बघत होतीस. तेही लिही. चार ओळी पुरेत.

मग काय शिकणार ते लिही, आणि ते हाताच्या भाषेत. "पारंपरिक तंत्राचा सखोल अभ्यास" यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. तू मला फोनवर सांगितलेस तसे लिही : कळीचा चुना विरवून महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवतात, वरचे पाणी बदलत राहतात, ताक किंवा दही घालतात. खाली सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, जाड थर, वर चुना आणि संगमरवराच्या भुकटीचे बारीक थर. रंग ओल्यातच भरायचे, आणि चुन्याला टिकणारेच रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी. मग थापीने हलके ठोकायचे, अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचे आणि शेवटी खोबऱ्याचा हात. भिंत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होते, हे सांगताना तुझा आवाज चढला होता. तो आवाज कागदावर यायला हवा. सहा आठवड्यांच्या शेवटी तुझ्या हाताला काय जमेल तेही लिही, आणि खरे लिही. आराइश सहा आठवड्यांत येत नाही, असे उस्तादजीच म्हणाले होते ना? मग लिही की चुन्याचा कस ओळखायला, थर लावायला आणि लहान नमुना घोटायला शिकेन, चित्र रंगवायला नाही. असे वाक्य वाचले की मी त्या मुलाचा पुढचा हिशेबही विश्वासाने वाचत असे.

विद्यापीठाला काय मिळणार, तिथे तू "अहवाल व छायाचित्रे" लिहिले आहेस. अहवाल कपाटात जातात. त्यापेक्षा एक फूट बाय एक फूट असे चार-पाच नमुने करून आण, प्रत्येकात एक एक थर उघडा ठेवलेला, आणि ते विभागाला दे. खालच्या वर्गातल्या मुलींना बोट लावून बघता येईल. फोटो मात्र उस्तादजींना विचारून काढ. त्यांचे मिश्रणाचे प्रमाण घराण्याचे असेल आणि ते छापायला त्यांची ना असेल, तर ते तुझ्या वहीतच राहू दे, आणि तसे अर्जातही लिही.

लेन्स काढून टाक. अनुदानातून घेतलेली टिकाऊ वस्तू तुझी होत नाही, ती विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते आणि परत करावी लागते. विभागाचाच कॅमेरा मागून ने. त्या १४,००० मधून उस्तादजींचे मानधन जवळजवळ निघते. आणि मर्यादा ४०,००० आहे म्हणून बेरीज बरोबर ४०,००० आणू नकोस. ती पाहिली की मागून आकडे बसवलेत हे लगेच कळते. मी इथे मांडून पाहिले : मानधन १५,०००, खोली ६,०००, जेवण दिवसाला २०० प्रमाणे ४२ दिवसांचे ८,४००, जाणे-येणे २,६००, तिथला बस-रिक्षा १,५००, साहित्य ४,२००. त्यात तू हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा धरलाच नव्हतास, ते ९०० धर. विरणारा चुना उकळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाते. याबाबत मी ऐकणार नाही. एकूण ३८,६००. जयपूरपर्यंत स्लीपरचे भाडे तू पुन्हा तपासून घे, माझा आकडा अंदाजाचा आहे.

तारखांचे एक बोलायचे आहे. तू मे-जून लिहिलेस. नवलगढच्या त्या शेखावाटी भागात लू, म्हणजे उन्हाळ्याचे तापलेले वारे, चालू असताना ओला थर धरेल का? सुट्टी तेव्हा आहे हे मला कळते, पण उस्तादजींना विचार. ते दिवाळीनंतर म्हणाले तर मार्गदर्शक मॅडमशी बोलून घे. रोज ६ तास, ३० दिवस म्हणजे १८० तास होतात. ३० तासांना १ श्रेयांक या हिशेबाने ते ६ श्रेयांकांचे काम आहे, मग हजेरीचा प्रश्न त्यांनाही सोडवता येईल. कधीही गेलीस तरी हिशेब ३१ मार्चच्या आत जायला हवा, नाहीतर मंजूर रक्कमही बुडते. आणि मंजुरीपत्र हातात येण्याआधी एक रुपयाही खर्च करू नकोस, तिकीटसुद्धा काढू नकोस. मंजुरीआधीच्या तारखेचे बिल मी एकदाही पास होताना पाहिलेले नाही.

पैसे आधी मिळतात की नंतर, हेही विचारून घे. नंतर असतील तर मी उसने देईन आणि परत घेईन. उस्तादजींना मात्र ठरल्या दिवशी मिळाले पाहिजेत, विद्यापीठाचा चेक येईपर्यंत त्यांना थांबवायचे नाही.

त्यांचे संमतिपत्र लागेल. लिहायचा कंटाळा असेल तर ते बोलतील तसे हिंदीत तू लिहून घे, वाचून दाखव आणि मग सही घे. त्यांच्या शब्दांना सुंदर करू नकोस.

घोटायचा अकीक विकत घेऊ नकोस. खंबायतेला अकिकाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते, शेजारच्या काकूंचे माहेर तिथलेच. पुढच्या आठवड्यात त्या जाणार आहेत, मी त्यांच्याबरोबर जाते. केवढा हवा, सपाट की बोथट टोकाचा, हे उस्तादजींना विचारून ठेव. मंगळवारी संध्याकाळी सातनंतर फोन कर, मजुरीचा आकडा आणि अकिकाचे माप दोन्ही लिहून घेते.

तुझी,
आई