बर्फ सिनेमात फुटला, तळ्यावर नाही

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रशियाचा तेराव्या शतकातला राजा अलेक्झांडर नेव्हस्की, त्याच्यावरचा लेख वाचला, दोनदा वाचला, कारण सोलापुरात ह्या दिवसांत दुपारी पंख्याखाली पडून दुसरं काय होत नाही आणि बर्फावरची लढाई म्हटल्यावर जरा गार वाटलं. पण तळ्यावरचा बर्फ फुटला आणि चिलखत घातलेले हजारो जर्मन घोड्यांसकट बुडाले असं जे रंगवून लिहिलंय ते काय पटलं नाही बघा.

लढाई खरीच आहे, 5 एप्रिल 1242, चुद तळं, आज ते रशिया आणि एस्टोनियाच्या हद्दीवर येतं. पण नोव्हगोरोद ह्या रशियन शहराच्या जुन्या बखरीत कोण बुडाल्याचं नाहीच, शत्रू पळाला आणि बर्फावरून सात व्हर्स्ट, म्हणजे सात-साडेसात किलोमीटर, त्याला हाणत नेला असं आहे. आता एवढा पाठलाग करायचा म्हणजे बर्फ धड पाहिजे की ओ! आणि हजारो कुठले, बखर म्हणते 400 जर्मन मेले नि 50 धरले, जर्मनांच्या बाजूची पद्यातली बखर म्हणते 20 सरदार मेले आणि 6 सापडले, ते फक्त आपले सरदारच मोजतात म्हणा.

ते बुडणं गाजवलं नेव्हस्कीवरच्याच 1938 च्या सिनेमानं, आणि गंमत म्हणजे ती लढाई भर उन्हाळ्यात खोटा बर्फ करून शूट केलेली. पुढच्याच वर्षी स्टॅलिननं हिटलरशी करार केला तर सिनेमा गुपचूप डब्यात, 1941 ला हिटलर चालून आला की परत थेटरात. 1942 ला नेव्हस्कीच्या नावानं पदक काढलं तर त्याचा खरा चेहरा कुणालाच माहीत नाही, मग सिनेमातल्या हिरोचा, चेर्कासोवचा, चेहरा पदकावर घेतला.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेख 1242 ला संपतो, तेव्हा गडी जेमतेम एकवीस वर्षांचा. नेव्हा नदीवर स्वीडिश लोकांना हरवलं ते 1240 ला, त्यावरूनच नेव्हस्की. त्यापुढची वीस वर्षं कुठं गेली? त्या वर्षांत हा माणूस मंगोल खानापुढं वाकला, बातू खानाकडं गेला, तिथनं पार काराकोरमपर्यंत, म्हणजे मंगोलांच्या राजधानीपर्यंत, जाऊन आला आणि 1252 ला व्लादिमिर शहराची मोठी गादी मिळाली ती खानाच्याच मर्जीनं. खानाच्या खंडणीसाठी शिरगणती करायला माणसं नोव्हगोरोदला आली तेव्हा लोक बिथरले, त्याचा स्वतःचा पोरगा लोकांच्या बाजूनं गेला, तर ह्यानं पोराला हाकललं, पोराला भरीला घालणाऱ्यांची नाकं कापली, काहींचे डोळे काढले आणि 1259 ला शिरगणती करवून घेतलीच. तरी 1547 ला चर्चनं संत केला आणि 2008 साली टीव्हीवरच्या मतदानात रशियाचा पहिला नंबर ह्याचाच.

हे सगळं छापलं असतं तर वाचक काय बिथरले नसते. पुरंदरचा तह आपल्याकडं शाळेतल्या पोरांना पाठ आहे, 23 किल्ले दिले म्हणून महाराज कुणाला कमी वाटत नाहीत. फरक एवढाच की महाराज आग्र्याहून निसटले आणि पुढं किल्ले परत घेतले, नेव्हस्कीनं खानाशी शेवटपर्यंत वाकडं घेतलं नाही, 1263 ला खानाकडनं परत येतानाच वाटेत गोरोदेत्सला वारला. कशासाठी गेलेला? आपली पोरं खानाच्या फौजेत ओढून नेऊ नका म्हणून विनवायला.

पत्र मोठं झालंय, कापायचं तर सिनेमाचं कापा, ही शेवटची वीस वर्षं ठेवा.

आपला,
एक रिटायर मास्तर, साखर पेठ, सोलापूर