अक्षय, रिव्हर्सबद्दल थोडं लिहून पाठवतोय

अक्षय,

अमेरिकेतल्या ट्रक-ट्रेलरच्या लायसन टेस्टसाठी तू करतोयस त्या प्रॅक्टिसचा, तू पाठवलेला व्हिडिओ परत परत बघितला. पुढं चालवताना गाडी तुझ्या हातात आहे, ब्रेकवर पाय पण हलका आहे, अडतंय ते फक्त रिव्हर्सला. आई म्हणत होती फोनवरच सांगा ना, पण फोनवर तू हो पप्पा हो पप्पा करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितोय, रात्री निवांत वाच.

पहिली गोष्ट, तू स्टेअरिंग जास्त फिरवतोयस. घोडा, म्हणजे पुढचा केबिनचा भाग, वळला की ट्रेलर लगेच वळत नाही, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तुला वाटतं काहीच होत नाहीये म्हणून तू अजून फिरवतोस, मग ट्रेलर एकदम तिरका जातो आणि तो सावरायला तू दुसऱ्या बाजूला त्याच्यापेक्षा जास्त फिरवतोस. व्हिडिओत दोन्ही वेळा हेच झालंय. थोडं फिरव, थांब, आरशात बघ, ट्रेलर हलायला लागला की लगेच फिरवलेलं काढून घे आणि त्याच्या मागं मागं घोडा आण. नाहीतर घोडा आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडतात आणि मग पुढं घेतल्याशिवाय सुटका नाही. स्पीड म्हणशील तर अ‍ॅक्सिलेटरला पायच लावू नकोस, गाडी आपोआप जेवढी सरकते तेवढीच, ती पण ब्रेक दाबून.

हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धर. खालचा हात उजवीकडं नेला की ट्रेलरचं मागचं टोक उजवीकडं जातं, डावीकडं नेला की डावीकडं, उलटसुलट डोक्यात घोळत बसायची गरज नाही. सरळ रिव्हर्सला मात्र एवढंच बघ की कुठल्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागलाय. ज्या आरशात जास्त दिसतो त्याच बाजूला स्टेअरिंग जरासं वळव, ट्रेलर परत लायनीत येतो. हे जितक्या लवकर करशील तितकं कमी फिरवावं लागेल. हातभर वाकडा झाल्यावर दुरुस्त करायला गेलास तर 100 फूट पुरत नाहीत. आणि सुरुवातच सरळ पाहिजे, घोडा, ट्रेलर, पुढची चाकं सगळं एका रेषेत आल्याशिवाय रिव्हर्स टाकूच नकोस.

आता तुझ्या बाबतीतली एक खास अडचण, जी तुझ्या ड्रायव्हिंग शाळेतल्या मास्तरला कळणार नाही. लहानपणी सुट्टीत माझ्यासोबत न्हावा शेवाला यायचास तेव्हा तू डाव्या सीटवर बसायचास, क्लीनरच्या. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, त्यामुळं आम्ही उजवीकडून बघून मागं घेतो आणि डावी बाजू आंधळी. तिथं सगळं उलटं, तुझी डावी बाजू दिसती आणि उजवी आंधळी. आपल्या गाड्या बघून जी सवय तुझ्या डोळ्यात बसलीये ती तिथं घात करेल. अ‍ॅली डॉक, म्हणजे गाडी वळवून बोळासारख्या जागेत रिव्हर्स घालणं, तुझ्या दिसत्या बाजूनंच घ्यायचं असतं ते बरंय, काच खाली कर आणि बघ. पण ऑफसेट, म्हणजे शेजारच्या लेनमध्ये रिव्हर्स घेणं, उजवीकडचा आला तर उजव्या आरशावरच भिस्त, आणि तो खालचा गोल आरसा वस्तू लांब दाखवतो, त्याच्यावर अंतर मोजू नकोस.

आणि फक्त मागं बघू नकोस रे. मागचं टोक खुणेच्या शंकूंच्या, म्हणजे कोनच्या, मधे बसलं की पोरं खूश होतात आणि घोड्याचं पुढचं नाक दुसऱ्या बाजूला झुलून कोन पाडतं. गाडीचा कुठलाही भाग रेषेला किंवा कोनला लागला की चूक धरतात, प्रत्येक वेळी. त्यासाठी तुझी पाळी नसताना मोबाईल बघत बसू नकोस, बाहेर उभा राहून दुसऱ्याची गाडी बघ, नाक किती बाहेर येतं ते बाहेरूनच नीट कळतं.

माझ्यामागं आयुष्यभर क्लीनर होता, येऊ दे येऊ दे, बस्स, असं ओरडणारा, गाडीवर थाप मारणारा. तुला तिथं क्लीनर नाही, म्हणून तुझा क्लीनर तूच. खाली उतरून बघायची परवानगी आहे ना, मग उतर. सरळ रिव्हर्सला एकदा, बाकीच्याला दोनदा, असं तूच वाचून दाखवलं होतंस. दार उघडलं की ते मोजलं जातं, त्यामुळं उगाच अर्धवट उघडून डोकावू नकोस, उतरायचं तर पूर्ण बघूनच ये. पण आधी न्यूट्रल, मग पिवळा नॉब ओढून पार्किंग ब्रेक, आणि उतरताना तोंड गाडीकडं, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेले. आपल्या यार्डात सगळे उडी मारून उतरतात, तू तसं उतरलास तर गाडी कितीही छान लावलेली असू दे, तिथल्या तिथं नापास करू शकतात.

तसंच पुढं घेऊन परत सरळ करण्याचं. सुरुवातीचे एकदोन पुलअप माफ असतात, त्यापुढं पॉइंट जातात. जाऊ दे पॉइंट! कोनला लागण्यापेक्षा आधीच थांबून पुढं घे. चांगला ड्रायव्हर पुढं घेत नाही असं तुला तिथल्या पोरांनी सांगितलंय ना, ते साफ खोटं आहे, डॉकला गाडी लावणारे जुने जुने ड्रायव्हर दिवसभर पुढं-मागं करतात आणि कोणाचं नुकसान न करता घरी जातात.

ट्रेलरची मागची चाकं तिथं पुढं-मागं सरकवता येतात. टेस्टच्या दिवशी ती कुठं आहेत ते बघून घे, कारण चाकं पार मागं असतील तर ट्रेलर सावकाश वळतो आणि पुढं असतील तर पटकन. तू ज्या जागेवर ठेवून शिकलास त्याच जागेवर पाहिजेत, नाहीतर तुझा सगळा अंदाज चुकणार.

परीक्षक इंग्रजीतच बोलणार, दुभाष्या चालत नाही. तू घाबरलास की न कळता मान हलवतोस हे मला माहितीये. नाही कळलं तर गाडी हलवायच्या आधी परत विचार, विचारायचे मार्क कापत नाहीत. अ‍ॅली डॉकला मागच्या रेषेपासून 3 फुटांच्या आत आणायचं आणि गाडी सरळ उभी पाहिजे, हे पण त्याच्या तोंडून एकदा ऐकून घे.

आणि शिकाऊ परमिट मिळाल्यावर टेस्टआधी थांबायचे 14 दिवस झाले म्हणून लगेच तारीख घेऊ नकोस. घराचे हप्ते, सूनबाईचं बाळंतपण जवळ आलंय, सगळं कळतंय मला, पण आठवडा पुढं गेला तरी चालेल, पैशाचं मी बघतो. येत्या शनिवारी प्रॅक्टिसला गेलास की कुणाला तरी बाहेरून व्हिडिओ काढायला सांग, केबिनमधून नको, मला पुढची चाकं दिसली पाहिजेत. डावा ऑफसेट आणि उजवा, दोन्ही पाठव.

पप्पा