चतुर्थीला येतोय, त्याआधी थोडं

रत्नागिरी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, यंदा गणपतीपुढे गाऱ्हाणं तू घाल. मी तेव्हा विषय बदलला. बाजूला ऑफिसातली माणसं होती, आणि असलं बोलणं फोनवर नीट होतही नाही. म्हणून लिहितो.

गाऱ्हाणं तुम्हीच घाला. मी मागे दादाच्या शेजारी उभा राहीन आणि 'होय म्हाराजा' मोठ्याने म्हणेन. मला पुढे का करताय ते कळतं. चार माणसांना दिसावं, आमचा मुलगा मार्गाला लागला. माझ्यापायी तुम्ही बाजारात मान खाली घालून चाललात, तेव्हा तुम्हाला हे वाटणारच. पण बाबा, दारूचा हा आजार आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही. पहिला पेला पोटात गेला की पुढचं माझ्या हातात राहत नाही, हे आजही तितकंच खरं आहे. 'आता मला काय होतंय' असं ज्या दिवशी वाटायला लागेल, त्या दिवसाची मला भीती आहे. वाडीने पाठ थोपटली की तो दिवस लवकर येतो. म्हणून कुणी विचारलं तर एवढंच सांगा, आज पीत नाही, मीटिंगला जातो.

मीटिंगमध्ये डॉक्टर कोण असतो, असं तुम्ही विचारलं होतंत. कुणीच नसतो. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. फी नाही, वरचा-खालचा नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद. आमच्या मीटिंगमध्ये एका होडीचे तांडेल येतात. त्यांनी ग्लास खाली ठेवला तेव्हा मी शाळेत असेन. आजही मीटिंग संपली की कप तेच विसळतात. एकदा मी हातातून घ्यायला गेलो तर म्हणाले, "तू पुस, विसळतंय मी." त्या दिवशी दाराशी एकजण पिऊनच आलेला, धड उभं राहवत नव्हतं. तांडेलांनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि चहा पाजला. उपदेशाचा एक शब्द नाही. मला वाटतं, नम्र असणं म्हणजे काय ते मी कुठल्या भाषणातून नाही, तिथे शिकतोय. त्या खुर्चीत उद्या मी असू शकतो, हे तांडेल विसरलेले नाहीत, आणि मीही विसरता कामा नये.

दारूपासून दूर राहायला आमच्या या संघटनेने बारा पायऱ्या सांगितल्यात, त्यांतली सातवी अशी आहे की आपल्यातले दोष काढून टाक, अशी देवाला नम्रपणे विनंती करायची. बाबा, तुम्ही दर वर्षी दुसरं काय मागता? चुकलं माकलं पदरात घे, लेकरांना सांभाळ. मी लहानपणापासून ऐकत आलो, पण मागणाऱ्यात मीही आहे हे कधी मनाला शिवलं नव्हतं. आता शिवतं.

आई, आता तुझं. शिमग्याला मी आलो तेव्हा पाण्याचा तांब्या देताना तू जरा जास्तच जवळ आलीस आणि खोल श्वास घेतलास. मग एकदम मागे सरून चुलीकडे गेलीस. तुला वाटलं, मला राग आला. राग आला नव्हता. विश्वास हक्काने मागायची वस्तू नाही. तुला पुन्हा शंका आली तर पुन्हा वास घे, उशीर झाला तर फोन कर, पिशवी उघडून बघ. मी शांत राहीन. ते शांत राहणं हाच माझा रोजचा अभ्यास आहे.

भाऊकाकांच्या मुलाला मी समजवावं, असं काकींचं म्हणणं आहे. मी त्याच्याजवळ बसेन, माझं काय झालं ते सांगेन, पण त्याला शिकवणार नाही. दोन गोष्टी मात्र काकींना आजच सांगा, चतुर्थीपर्यंत थांबू नका. त्याला देवापुढे शपथ घालून एकदम बंद करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेततं. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. आणि दारू सुटावी म्हणून कुणीतरी दिलेली ती पुडी जेवणात कालवू नका. त्यात काय आहे कोण जाणे. डायसल्फिराम असेल तर ते औषध दारूचं शरीरात जे विषारी द्रव्य होतं ते पुढे मोडू देत नाही. वरून प्यायला की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला माहीत असतानाच द्यायचं असतं. काकींनाही कुणाशी बोलावंसं वाटत असणार. घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात, मी चौकशी करून ठेवतो.

आता चतुर्थीचं. भजन झालं की मागच्या पडवीत बसायचा बेत असतो, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. बाटली समोर असली तरी मला काही होणार नाही, अशी फुशारकीही मारणार नाही. भजनाला झांज वाजवीन, उसळ-पाव वाढीन आणि सरळ आत येऊन झोपेन. काका राखणदार देवाला राखण देतील तेव्हा दारूची बाटली आणायला दुसऱ्या कुणाला पाठवा. राखणदार मला समजून घेईल. जेवण मात्र वेळेवर दे गं आई. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपासून मला जपायला सांगितलंय. रोज रात्री मी विहिरीकडे जाऊन फोनवर बोलत असेन. घरात रेंज नाही म्हणून तिकडे, लपवण्यासारखं काही नाही. ज्यांच्याशी बोलतो त्यांनाच मी अडचणीत पहिला फोन करतो.

कणकवलीला सकाळच्या गाडीने उतरतो, तिथून आचऱ्याची एसटी. बाबा, न्यायला येऊ नका, पावसात गुडघा धरतो तुमचा. आई, तुझ्या चष्म्याची काच तयार झाली आहे, ती घेऊन येतो. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायचं माझ्यासाठी ठेवा. तिला टांगायची कवंडाळं दादा आणतो म्हणालाय.

तुमचा,
बाबू