पंचवीस जिरेटोप आणि एक दुनळी

लीड्स,
१२ जानेवारी

तीर्थरूप आबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

पिंट्याचा फोन आला होता. यंदा शिवजयंतीला तालमीतली पंचवीस पोरं मावळे होणार म्हणे. सगळ्यांना एकसारखे सॅटिनचे भगवे अंगरखे आणि जिरेटोप शिवायला टाकलेत, आणि पुढच्या पोराच्या हातात द्यायला मी इथून 'ओरिजिनल वाटंल अशी' बंदूक धाडायची. नमुन्याचा फोटोही आलाय. आबा, फोटोत दुनळी आहे. रानडुकराच्या शिकारीला नेतात ती. मला हसू आवरलं नाही, त्यानं रागानं फोन ठेवला. म्हणून तुम्हाला लिहिते. तुमचं तो ऐकतो.

मागच्या उन्हाळ्यात मी इथल्या एका मंडळात शिरले. आईला माहीत आहे, तुम्हाला सांगायचं राहिलं. ही मंडळी सतराव्या शतकातल्या त्यांच्या यादवीतल्या लढाया मैदानात उभ्या करतात, एकीकडं राजा पहिला चार्ल्स, दुसरीकडं पार्लमेंट. यॉर्कजवळ मार्स्टन मूर म्हणून माळ आहे, तिथं २ जुलै १६४४ ला मोठी लढाई झाली. तारीख ऐकली आणि मी लगेच बोटं मोजली. तेव्हा आपले महाराज चौदा वर्षांचे होते! म्हणजे हे लोक खेळतात तो काळ आपलाच की.

बंदूकही दोन्हीकडं तोड्याचीच. सोऱ्यात भिजवलेली दोरी धुमसत ठेवायची आणि रंजकीला, म्हणजे पेटवायच्या दारूला, टेकवायची. दुसरी नळी कुठून येणार? फरक आहे तो घडणीत. इंग्रजांच्या बंदुकीचा दस्ता रुंद, खांद्याला बसणारा. आपल्याकडची सडपातळ, नळी लाकडाला तारेनं नाहीतर कातड्याच्या पट्टीनं बांधलेली. त्यामुळं इथली बंदूक पाठवली तरी पिंट्याच्या हातात ती चुकीचीच दिसणार. आणि पाठवणार कशी? इथं अशी बंदूक ठेवायला पोलिसांचा परवाना लागतो, काळ्या दारूला आणखी वेगळा. मैदानात गोळी नसते, नुसती दारू ठासतात. सुताराकडून लाकडाची करून घ्या म्हणावं, एका नळीची.

पण मला खरा धडा मिळाला तो कपड्यांचा. पहिल्या दिवशी तंबूच्या तोंडाशी एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. येईल त्याला नखशिखांत बघायचं, एवढंच तिचं काम. माझ्या कोटाची कड उलटून म्हणाली, ही शिलाई मशीनची. मग घड्याळ काढायला लावलं, बूट काढायला लावले, शेवटी चष्मासुद्धा. ती अख्खी लढाई मी अंधुकच बघितली. हातात माझ्या तिप्पट उंचीचा भाला, आणि समोरचा माणूस की झाड ते कळेना. कोट लोकरीचा, सदरा जवसाचा. आपण ज्याची चटणी खातो त्याच रोपाच्या खोडातून हे लोक धागा काढतात. लाल रंग म्हणाल तर आजीच्या बटव्यातल्या मंजिष्ठेच्या चुलत बहिणीचा. १६४५ मध्ये पार्लमेंटनं नवी फौज उभारली, तिच्या लाल कोटांचा रंग तोच.

त्याआधी सगळ्या फौजेला मिळून एक गणवेश नव्हताच. ज्या सरदाराची पलटण, त्याच्या पसंतीचा रंग. दोन्हीकडं तेच रंग निघाले की आपला कोण, परका कोण, कळायचं नाही. म्हणून मार्स्टन मूरला पार्लमेंटवाल्यांनी टोपीत पांढरा कागद नाहीतर रुमाल खोचला होता. त्यांचा एक सरदार फेअरफॅक्स शत्रूच्या गर्दीत एकटाच सापडला. त्यानं काय करावं? टोपीतली खूण काढून टाकली आणि त्यांच्यातनंच सरळ बाहेर आला. कपड्यावरून कुणी ओळखलंच नाही.

ही गोष्ट पिंट्याला सांगा. माझ्या मते त्या दुनळीपेक्षा पंचवीस एकसारखे अंगरखे ही मोठी चूक आहे. मावळ्यांना कुठला आलाय गणवेश? कुणाच्या डोक्याला मुंडासं, कुणाच्या अंगात बंडी, कुणी उघडाच. आणि पंचवीस डोक्यांवर जिरेटोप बघून महाराज कोण ते लोकांनी ओळखायचं कसं? त्या काळच्या दख्खनी चित्रांत तर महाराजही जामा, कमरेला शेला आणि तुऱ्याची पगडी अशा वेशात दिसतात. म्हणावं सॅटिन परत कर. घरोघरची जुनी सुती धोतरं गोळा करा, चहाच्या चोथ्यात बुडवून वाळवा, स्वस्तही पडेल. पायात पांढरे स्पोर्ट शूज दिसले तर मी इथून रडेन. पापाच्या तिकटीवरनं साध्या वहाणा घ्या, नाहीतर अनवाणी चाला.

एक मात्र आहे आबा. इथं कपडा शंभर नंबरी, पण हात? तलवारी बोथट, वार आधी ठरलेले, एक-दोन-तीन मोजून. इथल्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आपल्याकडची हत्यारं आहेत, हत्तीचं अख्खं चिलखत आहे, आणि काचेत दांडपट्टाही आहे. मंडळातला एकजण सोबत होता. हे चालवायचं कसं, म्हणाला. हात झाकणाऱ्या लोखंडी खोबळ्यात मनगट वळत नाही, वार खांद्यातनं आणि कमरेतनं येतो, हे मी छत्रीनं करून दाखवलं. पहारेकरी दोन पावलं पुढं आला. कुठल्या पुस्तकातनं शिकलीस, तर म्हटलं वडिलांना बघून. तुम्ही मला लाठी-फरीगदग्यावर थांबवलंत आणि पट्टा पिंट्याच्या हातात दिलात, ते मी विसरले नाहीये. असो.

त्याच माणसाला मी पन्हाळ्याचा वेढा सांगितला. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतले इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ घेऊन पन्हाळ्याखाली आले होते, हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढं काय झालं म्हणाला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर गाठलं आणि वखारवाल्यांना कैदेत टाकलं, म्हटलं. बिचारा बराच वेळ गप्प चालला. मग म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात तू पट्टा दाखव, मी वखारवाला होतो.

म्हणून काम असं आहे. माळ्यावरचा जुना पट्टा काढा आणि मापं पाठवा. पात्याची लांबी, मुळाशी आणि टोकाशी रुंदी, खोबळ्याची खोली, आतल्या आडव्या मुठीचा घेर. इथला लोहार बोथट करून देईन म्हणालाय. वितीत नको, सेंटीमीटरमध्ये. पट्टा पिंट्याला धरायला लावा, टेप तुम्ही धरा.

आईला सांगा, मेतकूट संपलं.

तुमची,
सुमी