घाटाची बातमी छापलीत, सोनोग्राफीची कोण छापणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर ‘निळ्या पडलेल्या बाळाला जीवदान’ ही, हृदयात दोष असलेल्या नवजात बाळाला रातोरात कसारा घाटातून मुंबईला नेल्याची बातमी चौकटीत वाचली. अँब्युलन्सचा फोटो, चालकाचा फोटो आणि सत्कार करणाऱ्या माजी नगरसेवकांचा सगळ्यांत मोठा फोटो. चालकदादांना माझाही नमस्कार, रात्रीचा कसारा उतरणं सोपं नाही. पण एक साधा प्रश्न तुमच्या वार्ताहरांनी कोणालाच विचारलेला दिसत नाही. त्या बाळाच्या आईची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली होती का? झाली असेल तर रिपोर्टात काय लिहिलं होतं? ‘जन्मानंतर अचानक लक्षात आले’ एवढं लिहून वार्ताहर थेट ग्रीन कॉरिडॉरवर, म्हणजे अँब्युलन्ससाठी मोकळ्या केलेल्या रस्त्यावर पोचले.

मला हे सुचतं, कारण गेल्या ऑगस्टमध्ये लेकीसोबत मी त्या खोलीत उभी होते. तिचं सासर येवल्याकडचं, म्हणून तपासण्या नाशकात आमच्याकडे राहून चालल्या होत्या. डॉक्टर पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत होते. ‘बाळ पाठ करून बसलंय, काहीतरी गोड खा, जरा चालून या’ म्हणाले. ती उसाचा रस पिऊन, जिना चढउतार करून आली. मग डॉक्टर बोलेनासेच झाले. काउंटरवरच्या मुलीने रिपोर्ट हातात दिला आणि ‘तुमच्या मॅडमना दाखवा’ म्हणाली. बिलाची पिन नेमकी हृदयाच्या ओळीवर मारलेली होती. ती काढली तेव्हा खाली इंग्रजीत दोन शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह दिसलं. तरी त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. हृदयाचे चार कप्पे दिसले की ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होणारेही आहेत, आणि आमच्या नातीचा दोष चार कप्प्यांत दिसतच नाही. हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या मुद्दाम बघाव्या लागतात. यांनी त्या बघितल्या.

रिपोर्ट घेऊन ‘मॅडम’कडे, म्हणजे लेकीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या हसून म्हणाल्या, ‘हल्ली सगळ्यावर ऑपरेशन असतं हो. बाळंतपण इथंच करू, मग बघू.’

मग म्हणजे कधी हो? नंतर गर्भातल्या बाळाच्या हृदयाची इको (सोनोग्राफीसारखीच, पण फक्त हृदयाची तपासणी) झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर पेनने चित्र काढून समजावलं. अंगभर रक्त नेणारी महाधमनी आणि फुप्फुसांकडे जाणारी धमनी यांच्या जागा उलटसुलट झालेल्या. पोटात असेपर्यंत बाळाला त्याचा त्रास नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मलं की दोन्हींकडचं रक्त आपापल्या चकरा मारत राहतं, एकमेकांत मिसळण्यापुरती एक छोटी नळी उघडी असते, आणि ती काही तासांत नाहीतर दोन-चार दिवसांत मिटायला लागते. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाची ड्रिप लावतात, तेवढ्याने भागलं नाही तर बाहेरून एक बारीक नळी हृदयापर्यंत घालून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र मोठं करतात आणि पहिल्या दोनेक आठवड्यांत वाहिन्यांची अदलाबदल करणारी मोठी शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, ‘अशा बाळाला न्यायला आईच्या पोटाहून चांगली अँब्युलन्स अजून निघालेली नाही.’ बाळंतपण मुंबईत, जिथे शस्त्रक्रिया होणार तिथेच, असं त्याच दिवशी ठरलं. समृद्धी महामार्ग झालाय, काय ते दोन-अडीच तास, असं सांगणारे पुष्कळ भेटले. महामार्ग संपतो त्या आमण्याला उतरल्यावर पुढे भिवंडी-ठाण्यात काय होतं ते त्यांनी निळ्या बाळाला मांडीवर घेऊन एकदा बघावं.

माहेरचं बाळंतपण माहेरी न होता परळच्या भाड्याच्या खोलीतून होणार म्हटल्यावर नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. झबली-टोपडी, दुपटी आधी आणायची नाहीत म्हणतात, नाही आणली. आणली ती फाइल. सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे लावून, दोन झेरॉक्स प्रती. जावयांनी रक्तदाते तयार ठेवले. विम्याची पॉलिसी काढून वाचली तर बाळाला त्यात ९० दिवसांनंतर घेणार! ऑपरेशन पहिल्या पंधरवड्यात आणि विमा तीन महिन्यांनी. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेची कागदपत्रं रेशनकार्डापासून गोळा केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांच्या शस्त्रक्रियांना मदत मिळते, हेही आम्हाला रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईकडून कळलं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. ‘घाई करून सिझर उरकून टाका’ हाही एक सल्ला होता. डॉक्टरांनी तो साफ उडवला. हृदयाचा दोष म्हणून सिझर लागतंच असं नाही, आणि बाळ पूर्ण दिवसांचं, वजनदार असेल तेवढं ऑपरेशनला बरं.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाळ जन्मलं की ते एका मजल्यावर आणि आई दुसऱ्या. लेकीने नात पहिल्यांदा नीट पाहिली ती जावयांच्या मोबाइलवर. चिकाचं दूध काढून वाटीत द्यायचं, नर्स ते नळीने पाजणार. हे आधी माहीत होतं म्हणून ती खचली नाही. पंपही आम्ही आधीच घेतला होता.

आता तुमच्याच अंकाबद्दल थोडं. ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, त्या दिवशी तुम्ही ‘गर्भवतींनी घ्यावयाची दक्षता’ अशी चौकट छापलीत. चिरू नये, शिवू नये, झोपू नये वगैरे. ती चौकट कोणीतरी येवल्याच्या घरी फोटो काढून पाठवली आणि दुसऱ्या दिवशी फोन, ‘हिने भाजी चिरली होती का?’ अहो, रिपोर्ट ऑगस्टमधला, ग्रहण सप्टेंबरात! आणि बाळाचं हृदय तयार होतं पहिल्या दोन महिन्यांत, कित्येकींना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं तेव्हा. लेक दोन दिवस जेवली नाही. ग्रहणाला घाबरू नका म्हणणाऱ्या खगोल मंडळाच्या मुलांची बातमी त्याच पानावर खाली चार ओळींत होती, तीही मी वाचली.

मागणी माझी मोठी नाही. सिंहस्थाची कामं जोरात चालू आहेत, होऊ देत. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला १९९८ पासून आहे, त्याचा अभिमान आहेच. पण गर्भलिंग सांगत नाही अशी पाटी जशी कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारात लावतात, तशी दुसरी एक मराठी पाटी लावा. बाळाच्या हृदयात दोष दिसला तर इको कुठे करायची, जिल्हा रुग्णालयात कोणत्या खोलीत जायचं, कोणती योजना, कोणते कागद, बाळंतपणाची जागा कधी ठरवायची. ती पाटी होईपर्यंत तुम्ही तुमच्या पुरवणीत अर्धं पान द्या. राशिभविष्याची जागा एका रविवारी कमी केलीत तरी चालेल. आणि कालच्या बातमीतल्या बाळाचं पुढे काय झालं तेही छापा, सत्काराच्या फोटोवर थांबू नका.

नात बरी आहे, विचाराल म्हणून सांगते. छातीवर मधोमध उभा व्रण आहे आणि आवाज खणखणीत आहे.

मोकाट कुत्र्यांवरचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. हे कापायचंच असेल तर रेशनकार्डापर्यंतचा भाग कापू नका. नाव मात्र छापू नये, विहीणबाईंकडेही तुमचाच पेपर येतो.

आपली,
एक आजी, इंदिरानगर, नाशिक