‘आढळले नाही’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न.

अन्नातील दूषित घटकांच्या बातमीत निकाल बहुधा दोनच शब्दांत येतो: ‘आढळले’ किंवा ‘आढळले नाही’. तपासणी कोणत्या पद्धतीने झाली आणि त्या पद्धतीला किती कमी प्रमाण दिसते, हे छापले जात नाही. एका प्रयोगशाळेच्या पद्धतीची शोधमर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आणि दुसरीची ५ असेल, तर किलोमागे २० मायक्रोग्रॅम कीटकनाशक असलेला एकच नमुना पहिलीकडे निर्दोष ठरेल, दुसरीकडे सदोष. दोघींनी काम चोख केलेले असेल, तरी वाचक मात्र कुणीतरी खोटे बोलते आहे असे समजेल. म्हणूनच सर्वमान्य प्रमाणित पद्धती लागतात, आणि त्या तयार करणे सोपे नाही.

सर्वात मोठी चूक यंत्रात होत नाही, ती नमुना घेतानाच होते. शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोजक्याच दाण्यांत ठासून भरलेले असते आणि शेजारचे हजारो दाणे स्वच्छ असतात. पोत्याच्या तोंडाशी मूठभर दाणे घेतले तर निकाल नशिबावर जातो. युरोपीय महासंघाच्या नियमांत मोठ्या साठ्यासाठी १०० ठिकाणांहून थोडे थोडे घेऊन २० किलोचा एकत्रित नमुना करायला सांगितले आहे. प्रयोगशाळेत आलेला नमुना पूर्ण बारीक दळून, नीट मिसळून, मगच त्यातले काही ग्रॅम चाचणीला घ्यायचे. आधी काही ग्रॅम काढून तेवढेच दळले, तर पुढचे महागडे यंत्रही काही वाचवू शकत नाही.

पण दळणे सगळीकडे चालत नाही. मँकोझेबसारखी डायथायोकार्बामेट बुरशीनाशके भाजीफळांच्या रसाशी संबंध येताच विघटित होतात. तिथे गोठवलेले मोठे तुकडे स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लासोबत तापवून सुटणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. यातही खोच आहे: कोबीवर्गीय भाज्यांतून हाच वायू मुळातच थोडा सुटतो, त्यामुळे फवारणी न झालेली भाजीही दोषी दिसू शकते. शिवाय या गटातले नेमके कोणते बुरशीनाशक होते, हेही या आकड्यावरून कळत नाही.

कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली क्वेचर्स पद्धत आज बहुतेक ठिकाणी रुळली आहे. १० ग्रॅम नमुन्यात १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल हे द्रावक घालून हलवायचे, मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ टाकून लगेच मिनिटभर जोरात हलवून सेंट्रिफ्यूज करायचे, म्हणजे वेगाने फिरवून थर वेगळे करायचे. हलवायला उशीर झाला की सल्फेटचे खडे बनतात आणि पाणी नीट शोषले जात नाही. कोरड्या धान्यात आधी पाणी मिसळावे लागते, नाहीतर अवशेष दाण्यातच अडकून राहतात. नंतर अर्क स्वच्छ करतानाही जपावे लागते. शर्करा आणि मेदाम्ले काढण्यासाठी वापरतात ते अमाइनयुक्त शोषक २,४-डी सारखी आम्लधर्मी तणनाशकेही धरून ठेवते. हिरवा रंग काढणारा कार्बन जास्त पडला, तर थायाबेंडाझोल या बुरशीनाशकासारखे सपाट रेणूही त्याच्यासोबत जातात. चाचणी ‘स्वच्छ’ येते, कारण दूषित घटक आपणच काढून टाकलेला असतो!

हे पकडायचे असेल, तर दूषित घटक नसल्याची खात्री असलेल्या त्याच पदार्थात तो घटक मोजून घालायचा आणि किती परत मिळतो ते पाहायचे. सरासरी ७० ते १२० टक्के परत मिळावे आणि पुन:पुन्हा केलेल्या मोजण्यांतला सापेक्ष फरक २० टक्क्यांच्या आत राहावा, ही सर्वसाधारण कसोटी. तुलनेसाठीचे ज्ञात प्रमाणाचे द्रावणही शुद्ध द्रावकात न करता त्याच पदार्थाच्या अर्कात करावे, कारण अर्कातील इतर घटक मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रातला संकेत दाबतात किंवा फुगवतात.

एवढे करूनही एका प्रयोगशाळेत जमलेली पद्धत प्रमाणित ठरत नाही. तेच नमुने, ओळख लपवून, निदान आठ प्रयोगशाळांकडून तपासून घेण्याचा संकेत आहे. अमेरिकन विश्लेषण-रसायनशास्त्रज्ञ विल्यम हॉर्विट्झ यांनी अशा असंख्य तुलना पडताळून दाखवले की प्रमाण जितके कमी, तितके प्रयोगशाळांच्या निकालांतील अंतर मोठे: दशलक्षात एक भाग असेल तर सुमारे १६ टक्के. त्यामुळे मर्यादा १० आणि निकाल १०.५ असेल, तर त्यावरून कुणाला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे.

आणि पद्धत प्रश्नाला साजेशी हवी. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले गेले, ते खपले कारण प्रथिनांची प्रचलित चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजत होती, आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की निकालाबरोबर पद्धतीचे नाव, मोजणीमर्यादा (खात्रीने मोजता येणारे सर्वात कमी प्रमाण), निकालातील अनिश्चितता आणि नमुना कसा घेतला हे विचारून छापावे. प्रयोगशाळेच्या चाचणी अहवालावर यातले बरेचसे असतेच. जे नसेल ते मागितले तर मिळायला हवे.

आपले,
अन्न विश्लेषणाच्या क्षेत्रातील काही वाचक